दहावीला नाटक हा विषय : आठवीतल्या मुलीच्या आईला उत्तर

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा : नणंदेचा मुलगा इंग्लंडात शिकतो, त्याने तिकडच्या दहावीला, म्हणजे जीसीएसईला, नाटक हा विषय घेतलाय. ते ऐकल्यापासून तुमची आठवीतली लेक हट्टाला पेटली आहे. सासरे म्हणतात, "उद्या गॅदरिंगलाही मार्क देतील." सोलापुरात असा विषय घेता येतो का, आणि तिला या नादाला लागू द्यावं का, हे तुम्हाला विचारायचंय.

पहिल्याचं उत्तर सरळ आहे. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीला नाटक हा मराठी-गणितासारखा मार्कांचा विषय नाही. नववी-दहावीला 'स्व-विकास व कलारसास्वाद' आहे, पण त्याला श्रेणी मिळते. आणि श्रेणीच्या विषयाचा तास गणिताचे सर कसा मागून घेतात, ते तुम्हीही शाळेत असताना बघितलं असेल.

दुसऱ्याला जरा वेळ लागेल. मी सत्तावीस वर्षं इथल्या हौशी नाटकांत आहे. त्यातली पहिली आठ-नऊ वर्षं सेट उचलण्यात, प्रॉम्प्टिंगमध्ये आणि स्पॉटलाइटला जिलेटिनचे रंगीत कागद लावण्यात गेली. त्यामुळे माझं मत थोडं विंगेतून आलेलं आहे, हे धरून चाला.

सासऱ्यांना आधी तुमच्या भाच्याची मार्कांची वाटणी दाखवा. इंग्लंडात परीक्षा मंडळं वेगवेगळी आहेत, त्यांतल्या एक्यूएचं सांगतो. पावणेदोन तासांचा लेखी पेपर, ४० टक्के. त्यात एका नाटकाच्या संहितेवर प्रश्न आणि प्रत्यक्ष बघितलेल्या एका प्रयोगाचं परीक्षण. संहितेतले प्रवेश करून दाखवायचे, २० टक्के. उरलेले ४० टक्के मुलांनी स्वतः उभ्या केलेल्या नाट्याला, आणि खरी गंमत इथे आहे. या भागाच्या ८० गुणांपैकी सादरीकरणाला फक्त २०. बाकी ६० गुण तालमीच्या नोंदींच्या वहीला : काय सुचलं, काय फसलं, का बदललं. शिवाय नट व्हायची सक्ती नाही. प्रकाशयोजना, ध्वनी, नेपथ्य किंवा वेशभूषा घेऊनही परीक्षा देता येते. हे गॅदरिंग नव्हे. गॅदरिंगला तालमीत काय फसलं ते कोण विचारतंय?

ती वही म्हणजे काय, ते एका शिबिरातलं सांगतो. उन्हाळ्यात अकरा पोरं होती, सहावी ते नववीतली. विषय दिला सोलापूरचा मार्शल लॉ. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाली, गिरण्या बंद पडल्या, गोळीबार झाला, चौक्या जळल्या आणि १२ मेला शहरात लष्करी कायदा लागला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी झाली. चौकातले पुतळे पोरं रोज बघतात, गोष्ट तोंडपाठ. म्हणून पहिल्या दिवशी अकराच्या अकरा जणांना फाशीचा प्रवेश हवा होता. घोषणा, दोर, काळोख. मी म्हटलं, करा. केला. सगळे एकदम ओरडले आणि शब्द एकाचाही कळला नाही.

मग विचारलं, मार्शल लॉच्या त्या दिवसांत तुमच्या वयाचं पोरगं कुठे असेल? बराच वेळ कोणी बोलेना. एकाची आजी गिरणीच्या चाळीत वाढलेली, तो म्हणाला, आजी भोंग्यावर स्वयंपाक धरायची. दुसरा लगेच म्हणाला, "मग संपात भोंगा वाजला नसेल तर?" झालं, प्रवेश तिथे मिळाला. आई चुलीपुढे बसली आहे, भाकरी थापून तयार, भोंग्याची वाट बघतेय आणि भोंगा वाजतच नाही. तिच्या तोंडी वाक्य एकच : "दार लाव."

दार लावायचं काम एका आठवीतल्या मुलीकडे होतं. घरी तेलुगू बोलणारी, मराठी जोडाक्षरांना बिचकणारी, म्हणून तिने स्वतःच बिनसंवादाचं काम मागून घेतलेलं. तिसऱ्या तालमीनंतर तिच्या वहीत तीन ओळी होत्या : "मी कडी लवकर लावते. कडीच्या आवाजात आईचं वाक्य जातं. उद्या वाक्य संपल्यावर तीन मोजून कडी." दुसऱ्या दिवशी तिने तीन मोजले. त्या तीन आकड्यांत मागे खिडकीशी दंगा करणारी पोरंसुद्धा गप्प झाली. त्या प्रवेशाचं दिग्दर्शन मी केलं असं मी सगळ्यांना सांगतो, पण खरं ते त्या वहीने केलं.

म्हणून माझं म्हणणं, विषय नसला तरी अभ्यास इथे करता येतो. हुतात्मा स्मृती मंदिरात राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी होते, साधारण नोव्हेंबर-डिसेंबरात. तिकीट चहा-भज्यांच्या भावात. लेकीला घेऊन सलग तीन-चार नाटकं बघा, त्यात एक तरी पडलेलं असू द्या. चांगल्या नाटकात माणूस वाहून जातो. पडलेल्यात दिसायला लागतं : हा नट वाक्याचा शेवट गिळतोय, ही एंट्री काळोखातच झाली, सोफा मध्ये ठेवल्याने सगळ्यांना वळसा पडतोय. एक अंक शेवटच्या रांगेतून बघा. राज्य बालनाट्य स्पर्धाही असते, तिथे तिच्या वयाची पोरं दिसतील. आणि शिबिराला घालणार असाल तर एकच विचारा : सगळी पोरं पडद्यामागेही काम करतात का? पहिल्याच दिवशी "आम्ही सिरीयलला पाठवतो" म्हणणाऱ्याकडे पैसे भरू नका.

वेळेचं मात्र सासऱ्यांचं अगदीच चूक नाही. दहावीच्या वर्षी मी एका एकांकिकेपायी सहामाहीला गणितात नापास झालो. त्या एकांकिकेत मला दोन वाक्यं होती, त्यांतलं एक कापलं गेलं. तालमीला रोज चार तास जायचे, त्यांतले तीन नुसते दुसऱ्यांची वाट बघण्यात. आठवी-नववीत करू द्या, दहावीत बघायला पाठवा, तालमीला नको. दहावीला कलेसाठी मिळणाऱ्या सवलतीच्या जादा गुणांचं शाळेत जरूर विचारा, पण त्या गुणांसाठी नाटक करायला लावू नका. पोरं लगेच ओळखतात.

पुढचं विचाराल तर बारावीनंतर पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, पदवीनंतर दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय. इथे लगेच कोणीतरी जब्बार पटेल आणि अतुल कुलकर्णी यांची नावं काढेल. दोघेही सोलापुरातच शिकले, आपल्याला अभिमान आहेच. पण आठवीतल्या पोरीपुढे ती नावं ठेवू नका. ती अजून कडीवर आहे.

आणि हो, वही शंभर पानी घ्या. दोनशे पानी आणली की पोरं पहिल्या पानावर नाव घालतात, कव्हर चढवतात आणि ठेवून देतात.