टायमिंगला हात लावण्याआधी इंजेक्टरचा कोड बघा

तुम्ही विचारलंय की एक इंजेक्टर (सिलिंडरात डिझेल फवारणारा नोझल) बदलल्यापासून बीएस-६ डिझेल गाडी सकाळी खडखडते, डीपीएफचा, म्हणजे सायलेन्सरकडच्या काजळी अडवणाऱ्या गाळणीचा, दिवा सारखा लागतो आणि मेकॅनिक म्हणतोय रीमॅप करून, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून, टायमिंग (डिझेल कधी मारायचं ती वेळ) थोडं पुढे, म्हणजे लवकर, घेऊ. नका घेऊ, आधी एवढंच सांगतो, मी २२ वर्षं पंप-नोझलचंच काम करतोय.

मेकॅनिक अगदीच चुकीचं नाही सांगत. टायमिंग पुढे घेतलं की डिझेलला जळायला वेळ मिळतो, काजळी कमी होते, ॲव्हरेजही जरा वाढतं, पण आतलं तापमान चढतं आणि हवेतलाच नायट्रोजन ऑक्सिजनशी जुळून नॉक्स हा विषारी वायू तयार होतो, जो डोळ्याला दिसत नाही म्हणून माणसाला वाटतं गाडी साफ झाली. मागे घेतलं की बरोबर उलटं, नॉक्स कमी आणि धूर जास्त. डिझेल कारला बीएस-४ मध्ये किलोमीटरला ०.२५ ग्रॅम नॉक्स चालायचा, बीएस-६ मध्ये तो ०.०८ वर आणला. नुसतं टायमिंग पुढे-मागे करून हे जमणारच नव्हतं.

म्हणून कॉमन रेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून दाबाखाली डिझेल देणाऱ्या पद्धतीत, डिझेल तुकड्या-तुकड्यात मारतात. आधी पायलट, साधारण एक-दोन मिलिग्रॅम, म्हणजे तांदळाच्या दाण्याचा दहावा हिस्सा धरा. तो पेटला की मग मेन, त्यामुळे प्रेशर एकदम उसळत नाही आणि तो टकटक आवाज येत नाही. मेनच्या लगेच मागून थोडंसं पोस्ट, ते उरलेली काजळी जाळतं.

आता एवढ्याशा मापात दोन इंजेक्टर कधीच सारखे नसतात, म्हणून बहुतेकांच्या डोक्यावर बारीक अक्षरात कोड छापलेला असतो आणि तो ईसीयूत, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये, टाकावा लागतो. माझ्याकडे अशीच एक गाडी आली होती, इंजेक्टर नवा कोरा पण ईसीयूत कोड जुन्याचाच, त्या सिलिंडरला पायलट धड पडतच नव्हता. कोड टाकला, दुसऱ्या दिवशी सकाळी आवाज गायब. तुमची लक्षणं मला तशीच वाटतायत.

तेव्हा स्कॅनर लावून चारही कोड जुळवून घ्या, तरी नाही गेलं तर रिटर्न टेस्ट करा, म्हणजे प्रत्येक इंजेक्टरमधून परत येणारं डिझेल बघायला चार बाटल्या लावायच्या, एखादी बाकीच्यांपेक्षा भराभर भरली की तो इंजेक्टर तपासायच्या बेंचवर न्यायचा.

आणि आजच डिपस्टिक (इंजिन ऑइल मोजायची पट्टी) ओढून बघा. डीपीएफ जाळायला ईसीयू बऱ्याच गाड्यांत खूप उशिरा जादा डिझेल मारतो, त्यातलं थोडं भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं, ऑइल वरच्या खुणेच्या वर गेलं असेल तर ते बदलल्याशिवाय गाडी हायवेला काढू नका.