रेकॉर्डबरोबर गिटार जुळत नाही: हेंड्रिक्सचं 'ऑल अलाँग द वॉचटॉवर'

प्रश्न असा आहे: गिटार ट्यूनरवर अचूक लागलेली, कॉर्ड सी शार्प मायनर, बी, ए, बी हेच, तरी जिमी हेंड्रिक्सच्या या गाण्याच्या ४५ आरपीएमच्या (मिनिटाला ४५ फेरे) रेकॉर्डबरोबर वाजवायला गेलं की सगळं बेसूर. टर्नटेबल बिघडलंय का?

बहुधा नाही. कॉर्ड बरोबर आहेत, पण हेंड्रिक्सची गिटार अर्धा स्वर उतरवलेली आहे. बोटं काळी एकची, कानावर येते पांढरी एक. बॉब डिलनचं मूळ गाणं (१९६७) काळी एकमध्येच आहे, त्यामुळे डिलनबरोबर जुळतं आणि हेंड्रिक्सबरोबर नाही, असं झालं तर कारण हेच समजा. तपासायला कीबोर्ड घ्या. हार्मोनियमचे सूर ४४० हर्ट्झच्या मानकाला लागलेले असतीलच असं नाही.

जाड तारेकडून बारीक तारेकडे सूर असे लावा: ७७.८, १०३.८, १३८.६, १८५, २३३.१ आणि ३११.१ हर्ट्झ. स्ट्रॅटोकास्टरचा (इलेक्ट्रिक गिटारचा एक प्रकार) ब्रिज, म्हणजे तारा टेकतात ती पट्टी, तरंगता असेल तर एका फेरीत भागणार नाही. तारा सैल झाल्या की मागच्या स्प्रिंगा ब्रिजला खाली ओढतात आणि आधी लावलेल्या तारा पुन्हा चढतात. तीन-चार फेऱ्या माराव्या लागतात. तेवढ्यानेही ब्रिज पूर्वीच्या जागी आला नाही, तर स्प्रिंगांची पट्टी धरणारे दोन्ही स्क्रू किंचित सैल करा.

इतकं करूनही फरक उरला तर मग टर्नटेबलकडे वळा. वेग एक टक्का चुकला की सूर सुमारे १७ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) सरकतो. सहा टक्के म्हणजे अख्खा अर्धा स्वर. ३३ चा (म्हणजे ३३⅓ फेऱ्यांचा) वेग बरोबर आहे म्हणून ४५ ही बरोबर असेल असं धरू नका, बऱ्याच यंत्रांत दोन्ही वेगांचे स्क्रू वेगळे असतात. स्ट्रोब चकतीवर (वेग बरोबर असला की विजेच्या दिव्याखाली तिच्या रेघा स्थिर दिसतात) तपासताना आपल्या ५० हर्ट्झच्या विजेसाठी ३३ ला १८० आणि ४५ ला १३३ रेघा लागतात. अमेरिकन चकतीवर २१६ आणि १६० असतात, कारण तिथली वीज ६० हर्ट्झची. ती चकती इथल्या दिव्याखाली धरून रेघा स्थिर केल्यात तर ३३ च्या जागी जेमतेम २७.८ फेरे मिळतील. दिवाही जुना पिवळा किंवा निऑनचा घ्या. एलईडीचं लुकलुकणं भरवशाचं नसतं. तिकडून आणलेलं सिंक्रोनस मोटरचं (विजेच्या फ्रिक्वेन्सीवर वेग ठरणारं) यंत्र नुसता ट्रान्सफॉर्मर लावून इथे चालवलं तर १७ टक्के हळू फिरतं. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, फ्रिक्वेन्सी नाही.

सूर स्थिर न राहता दर १.३३ सेकंदाने (एका फेऱ्याला) वरखाली होत असेल तर दोष रेकॉर्डच्या मधल्या भोकाचा. अमेरिकन प्रतीचं (रिप्राइज कंपनीची, क्रमांक ०७६७, मागे 'बर्निंग ऑफ द मिडनाइट लॅम्प') भोक ३८ मिलिमीटरचं असतं आणि स्वस्त प्लास्टिकचा अडॅप्टर त्यात खुळखुळतो. केंद्र अर्धा मिलिमीटर हललं तरी ६० मिलिमीटर त्रिज्येवर दोन्ही बाजूंना १४ सेंटचा हेलकावा येतो, आणि शेवटाकडे तो वाढतो. अडॅप्टरच्या कडेला टेपचा एक वेढा द्या किंवा धातूचा अडॅप्टर घ्या.

आता वादन. सुरुवातीच्या ठोक्यांना सम समजून मोजायला लागलात तर पुढे ड्रम आल्यावर फसाल; ड्रम स्थिरावल्यावर मोजा. मागची लय धरणारी गिटार अकूस्टिक आहे, डेव्ह मेसनची बारा तारांची. हा आवाज एका इलेक्ट्रिक गिटारने काढायचा हट्ट धरू नये. जानेवारी १९६८ मध्ये लंडनच्या ऑलिंपिक स्टुडिओत चार ट्रॅकवर सुरू झालेलं हे काम न्यूयॉर्कच्या रेकॉर्ड प्लांटमध्ये थरावर थर चढत पुरं झालं. बासही शेवटी हेंड्रिक्सनेच वाजवला, कारण बँडचा बासवादक नोएल रेडिंग सत्र सोडून गेला होता.

मधल्या लांब सोलोचे चार तुकडे आहेत, साधारण आठ-आठ बारांचे (बार म्हणजे चार ठोक्यांचा गट). पहिला साधा, नवव्या फ्रेटवरच्या पाच स्वरांच्या पेंटॅटॉनिकमधला. धानी रागाचे स्वर ज्यांना ठाऊक आहेत त्यांचा हात तिथे लगेच बसेल. दुसरा स्लाइडचा (बोटात घालायची गुळगुळीत नळी). इथे तार दाबायची नाही, स्लाइड नेमकी फ्रेटच्या धातूपट्टीवर आणायची आणि स्लाइडच्या मागची बोटं तारांवर अलगद टेकवायची, नाहीतर खरखर येते. तिसऱ्यात वा-वा पेडल (पायाने उघडझाप करून आवाजाचा पोत बदलणारं). बहुतेक जण तालावर पाय आपटतात, तिथेच चुकतं. पेडल स्वराबरोबर हळू उघडायचं असतं. चौथा कॉर्डचा, आणि दिसतो सोपा, पण सगळ्यात जास्त बिघडतो तोच: मनगट आवळलं की लय पुढे पळते. आधी तारा दाबून बंद ठेवा, नुसता उजवा हात चालवा आणि तो बसल्यावरच कॉर्ड धरा.