सासूबाईंच्या पेटीतले बंदे रुपये

खानापूर तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. सासूबाई गेल्यावर त्यांच्या पेटीत 62 बंदे रुपये निघाले: 40 राणीछाप (व्हिक्टोरिया राणीचा छाप असलेले) आणि पंचम जॉर्जचे, 22 रुपये 1940 ते 1945 चे. सोबत काही शिवराया (शिवाजी महाराजांच्या नावाची तांब्याची नाणी) आणि राम-सीतेचं चित्र असलेला, 1818 साल घातलेला ‘कंपनीचा आणा’. मोबाइलवर एकजण त्या आण्याचे 11 लाख देतो म्हणतो, पण आधी नोंदणीचे साडेचार हजार मागतो. मुलीची कॉलेजची फी तोंडावर आहे.

ताई, ते साडेचार हजार पाठवू नका. राम-सीतेचा असा आणा ईस्ट इंडिया कंपनीनं कधी पाडलाच नाही. त्याला अकरा लाख कुणीच देणार नाही. असे लोक बऱ्याचदा रिझर्व्ह बँकेचं नाव पुढे करतात. जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीत आपण नसतो आणि त्यासाठी फी किंवा कमिशन घेत नाही, हे बँकेनं ऑगस्ट 2021 मध्येच जाहीर केलंय.

तुमचा खरा पैसा त्या 62 रुपयांत आहे. रुपयाचं वजन 11.66 ग्रॅम. राणीछाप आणि पंचम जॉर्जच्या रुपयात चांदी 91.7 टक्के, म्हणजे 10.69 ग्रॅम. 1940 पासून ती निम्म्यावर आली, म्हणून त्या 22 नाण्यांत प्रत्येकी 5.83 ग्रॅमच. एकूण साधारण 555 ग्रॅम शुद्ध चांदी; झिजेमुळे थोडी कमी धरा. दोन ढीग वेगळे करूनच बेळगावात दोन-तीन सराफांकडे भाव विचारा. सगळे एकत्र तोलले, तर 40 चांगल्या रुपयांना हलक्या चांदीचा भाव लागेल आणि तुम्हाला ते कळणारही नाही.

त्याआधी साल बघा. 1911 चा रुपया असला तर बाजूला ठेवा. त्यावरच्या राजाच्या झग्यावर कोरलेला हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून लोक खवळले आणि ते रुपये मागे घेतले गेले. संग्राहक त्याला चांदीपेक्षा जास्त देतात. आणि चिंच, पितांबरी लावून काहीही घासू नका, चकाकी आणली की संग्राहक भाव पाडतो.

फीसाठी कर्ज काढू नका. आधी ते 22 विका, कमी पडले तर 40 मधले झिजलेले. शिवराया ठेवा: त्या शिवाजी महाराजांनंतरही दीर्घकाळ पाडल्या गेल्या, झिजलेल्यांना फारसे पैसे येत नाहीत. शंभर वर्षांपुढची नाणी 1972 च्या कायद्यानं पुरावस्तू ठरतात, परदेशी गिऱ्हाइकाला पाठवता येत नाहीत. कराचं गणित करसल्लागाराकडून करून घ्या, पावती जपा.

विकण्यापूर्वी मात्र घरात बसून बोला. मृत्युपत्र नसेल तर सासूबाईंच्या वस्तूंवर सासरे असल्यास त्यांचा आणि सगळ्या मुला-मुलींचा सारखा हक्क असतो. त्यात नणंदाही आल्या. त्यांची संमती कागदावर घ्या, मगच सराफाकडे जा.