झड लागली की पोरगी पुस्तकाला हात लावत नाही

"म्याडम, झड लागली का हे पोरगी पुस्तकाले हातच लावत नाही. वाकयीत तोंड खुपसून दिवसभर पडून रायते. आळशी झाली का वो?"

वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आलेल्या आईचा हा प्रश्न. पावसाळ्यात असे पालक समुपदेशनासाठी माझ्याकडे दरवर्षी येतात. (ओळख कळू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

मुलगी बारावी सायन्सची, उन्हाळ्यात पहाटे उठून गणितं सोडवणारी. "बसते मॅडम, पण डोळे जड होतात. मग माझाच मला राग येतो," एवढं बोलून ती ओढणीचं टोक पिळत राहिली. आळशी मुलाला असा राग येत नाही. आठवडाभर तासातासाची नोंद ठेव, म्हटलं.

वहीतून आणि बोलण्यातून बरंच निघालं. ओल येऊ नये म्हणून खिडकीला ताडपत्री. खोलीत एकच बल्ब, तोही खाटेच्या मागे, म्हणजे लिहायला बसली की वहीवर तिचीच सावली. पत्र्यावर पाऊस इतका वाजतो की पाठांतर होत नाही. दिवसा दोनदा झोप, मग रात्री एकपर्यंत मोबाइल.

शरीराचं घड्याळ उजेडावर चालतं. डोळ्यांत पुरेसा उजेड गेला की झोपेची वेळ सांगणारं मेलाटोनिन हे संप्रेरक दबतं. आभाळ भरलेलं असलं तरी दिवसा उघड्यावर साधारण हजारभर लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड असतो, कधी त्याच्या कितीतरी पट. घरातल्या बल्बखाली तो शंभराच्या आसपास. म्हणून तिला सांगितलं, सकाळचा चहा ओसरीत घ्यायचा आणि वही घेऊन तिथंच बसायचं. खाट फक्त झोपेपुरती. झडीत पाठांतर नको, गणितं सोडव. बल्ब समोर, डाव्या हाताला. आईला म्हटलं, वाकळ हिसकावू नका, खांद्यावर घेऊन बसू द्या.

ऊन पडल्यावरही दोन आठवडे मनाला उभारी येत नसेल, जेवण सुटलं असेल, किंवा कधीही जगणं नकोसं वाटत असेल, तर वाट पाहू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, मराठीतही बोलता येतं.

तिच्या वहीत मात्र एक ओळ होती: "आज बाबा जेवले नाहीत." सोयाबीनच्या वावरात पाणी साचून पानं पिवळी पडत होती. घरात कोणी बोलत नव्हतं, आणि आपली फी भरली जाणार नाही हे तिनं मनाशी धरलं होतं. आभाळापेक्षा हे ओझं मोठं होतं. पुढच्या खेपेला मी वडिलांना बोलावलं. त्यांनी तिच्यासमोर हिशेब मांडला, किती एकर बुडालं, किती वाचलं, फी कुठून येणार. "वावराचं मी पायतो. तू तुयं पाय," म्हणाले.

त्यानंतरची तिची नोंद: "७ ते ९ ओसरीत. पाऊस सुरूच. फिजिक्स अजून मागे आहे."