टर्कीची मादी नुकतीच पिल्लं घेऊन उठली आहे. मांजर, मुंगूस, घार यांपासून घरच्या घरी कसं वाचवू?

पहिलं काम म्हणजे आई आणि पिल्लं रात्री जमिनीवर उघडी ठेवू नका. टर्कीची मादी पिल्लांवर पंख पसरून बसते, जागची हलत नाही, त्यामुळे मुंगसाच्या तावडीत तीही सापडते. कोंबड्यांची मोठ्या भोकांची जाळी इथे पुरत नाही, त्यातून उंदीर आणि साप सहज आत येतात. अर्ध्या इंच भोकांची वेल्डमेश (वेल्ड केलेली तारेची घट्ट जाळी) लावा, ती जमिनीत फूटभर गाडा, आणि वरूनही झाका, कारण घार, कावळे दिवसाढवळ्या पिल्लू उचलतात.

पण खरं सांगू का, शिकाऱ्यांइतकीच पिल्लं ओल आणि गारठ्यानेही दगावतात. दवात भिजलेल्या गवतात आईमागे फिरली की गारठतात. ऊन चढून गवत सुकल्यावरच बाहेर सोडा, पाऊस असेल तर अजिबात नको. पाण्याचं भांडं उथळ हवं, त्यात खडे टाका, नाहीतर बुडतात.

टर्कीची पिल्लं खायला उशिरा शिकतात. उकडलेलं अंडं बारीक कुस्करून समोर टाका. खाद्य टर्की स्टार्टरच (लहान पिल्लांसाठीचं तयार खाद्य) द्या, सुमारे 28 टक्के प्रथिनांचं. कोंबडीच्या खाद्यात प्रथिनं कमी पडतात.

आणि कृपा करून कोंबड्यांच्या खुराड्यात किंवा त्यांच्या जुन्या अंगणात ठेवू नका. कोंबड्यांच्या आतड्यातल्या जंतांच्या अंड्यांतून ब्लॅकहेड हा आतडं आणि यकृताचा रोग येतो. कोंबडी बहुधा तग धरते, टर्की मात्र मरते. पिवळी गंधकी विष्ठा दिसली तर त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा.