आसगावचं भाडं, पर्वरीचा हप्ता

प्रश्न: गोव्यात आसगावातल्या वडिलोपार्जित घरात माझा आणि भावाचा अर्धा-अर्धा वाटा आहे. एक रेस्टॉरंटवाला ९ वर्षांच्या करारावर महिना दीड लाख द्यायला तयार आहे. मुलाला पर्वरीत १ कोटीचा फ्लॅट घ्यायचाय. साठवलेले २० लाख घालून ८० लाखांचं कर्ज काढलं, तर माझ्या वाट्याच्या ७५ हजारांत हप्ता भागेल. घेऊ का? मुलाचा पगार ६० हजार आहे.

ताई, घर भाड्यानं जरूर द्या. हप्ता मात्र त्या भाड्याच्या जिवावर काढू नका.

साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी ८० लाखांचा हप्ता होतो साधारण ६९,४००. कागदावर जमतंय. पण करार ९ वर्षांचा आणि कर्ज २० वर्षांचं. शिवाय जून उजाडला की ‘पावसात गिऱ्हाईक नाही, निम्मं घ्या’ असा फोन येतोच.

मोठी भीती वेगळीच आहे. साठ-सत्तरच्या दशकांत हिप्पी हणजुणेला आले, पुढे चार्टर विमानांची गर्दी कळंगुट-बाग्याला लोटली. त्या गर्दीला कंटाळलेले पैसेवाले आसगावच्या जुन्या घरांत शिरले. आता तेच लोक शिवोली आणि मयड्याची चौकशी करतायत, आणि २०२३ मध्ये मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून मोरजी-मांद्र्याकडेही नजरा वळल्यात. आसगाव ओस पडणार नाही. पण हवा बदलली की जागेच्या भावाआधी रेस्टॉरंटचं भाडं घसरतं.

म्हणून फ्लॅट ३ वर्षं लांबवा. भाडं बाजूला टाकलंत तर ३६ महिन्यांचे २७ लाख होतात. भाड्यातून ३० टक्के वजावट मिळून उरलेल्यावरच कर लागतो, तेव्हा बराचसा पैसा हातात राहील. तुमचे २० लाख धरून कर्ज ५०-५५ लाखांवर येतं. तेही मुलाच्या पगाराला जड आहे, हे स्पष्ट सांगतो. त्याला झेपेल ते ३० लाखांचं, हप्ता २६ हजारांच्या आसपास. म्हापशात जुना, थोडा लहान फ्लॅट बघायला काय हरकत आहे? पर्वरीचा हट्ट मुलाचा की सुनेचा, ते तुम्हालाच ठाऊक!

करार ५ वर्षांचा करा आणि त्यातली पहिली ३ वर्षं रेस्टॉरंटवाल्याला सोडून जाता येऊ नये. दरवर्षी ५ टक्के वाढ, ६ महिन्यांचं डिपॉझिट. डिपॉझिट फ्लॅटमध्ये घालू नका, ते परत द्यायचं असतं. करार रजिस्टर करा. गोव्यातल्या कायद्यात मालमत्ता सहसा नवरा-बायको दोघांची धरतात, तेव्हा भावाबरोबर वहिनींचीही सही घ्या.

कौलं, विहीर, सांडपाण्याची टाकी कोणी बघायची ते लिहून घ्या. राजांगणातली, म्हणजे घराच्या मधल्या चौकातली, तुळस हलवायची नाही, हेही. तोंडी ‘हो काकी’ म्हणणारेच पुढे तिथे बारचं काउंटर मांडतात.