अल्पसंख्याकांवरचे द्वेषमूलक गुन्हे दहशतवाद मानावेत का?
सरसकट नाही. रागाच्या भरात कुणाला धर्मावरून शिवीगाळ करून मारणं हाही द्वेषाचाच गुन्हा, पण त्यामागे बेत नसतो. दहशतवादात मेलेला माणूस निमित्त असतो; घाबरवायचं असतं ते मागे उरलेल्या सगळ्या समाजाला. २०१९ मध्ये क्राइस्टचर्चच्या मशिदींत ५१ जणांना मारणाऱ्याने तर आधी जाहीरनामाच काढला होता. न्यूझीलंडने त्याला दहशतवादाच्या कलमाखालीही दोषी ठरवलं. उलट २०१५ मध्ये चार्ल्स्टनच्या चर्चमध्ये ९ कृष्णवर्णीयांना मारणाऱ्यावर अमेरिकेत द्वेषगुन्ह्याचा आणि खुनाचा खटला चालला, दहशतवादाचा नाही. हेतू तोच, शिक्का वेगळा! मला हे पटत नाही. धास्ती एवढीच, की दहशतवादाची व्याख्या सैल केली तर तो कायदा बऱ्याचदा अल्पसंख्याकांवरच उलटतो.